सायकल टेकवायला जागा

वाळवंटात सायकल टेकवायला काहीही नसतं. थरच्या प्रवासाबद्दलची माझी पहिली तक्रार हीच आहे. लोक या विषयाची सुरुवात उंट, वाळूच्या टेकड्या, तहान, मृगजळ यांच्यापासून करतात आणि टेकवण्याच्या मुद्द्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून मी तो आधीच मांडून ठेवते.

सामान लादलेली माझी सायकल पस्तीस किलोंच्या घरात जाते. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, पुढच्या चाकाला दोन, वर तंबू आणि पाणी. थांबलं की पुढचं चाक आपणहून एका अंगाला वळतं आणि सगळा बोजा त्या अंगाला झुकतो. मी राहते त्या कॉव्हेंट्रीत घरांपुढे विटांच्या बुटक्या भिंती असतात, दिव्याचे खांब असतात, कुंपणं असतात. तिथे हा प्रश्न पडत नाही. जैसलमेर सोडून पोकरणच्या रस्त्याला लागलं की तो दर थांब्याला पडतो. खेजडीचं झाड दिसतं, पण रस्त्यापासून शंभर पावलं आत, आणि मधल्या वाळूत चाकं रुततात. स्टँड लावावा तर त्याचा पाय वाळूत हळूहळू खाली जातो. हळूहळू जातो हेच वाईट. सायकल लगेच पडली तर माणूस सावध होतो. ही मात्र आपण पिशवीचं बक्कल सोडून दोन्ही हात आत घालेपर्यंत उभी राहते आणि मग पडते. मुद्दाम आडवी ठेवावी तर चेनमध्ये वाळू जाते, आणि तेल लावलेल्या चेनमध्ये गेलेली वाळू मुक्कामापर्यंत करकरत राहते. मी स्टँडखाली ठेवायला स्टीलच्या डब्याचं झाकण नेते. त्याचा उपयोग होतो, पण वाकून झाकण ठेवेपर्यंत सायकल धरायची कुणी? ती कमरेने पेलायची, गुडघ्यावर तोल सांभाळायचा आणि डाव्या हाताने झाकण सरकवायचं. जाकीट काढायचं असो, घालायचं असो, पाणी प्यायचं असो, नाक पुसायला रुमाल हवा असो, दर वेळी हेच.

एकटीने जाण्यातली खरी अडचण ही आहे. भीतीची सवय होते, एकटेपणा मला आवडतो. पण दुसरं माणूस सायकल धरतं, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. १८९६च्या जुलैमध्ये जॉन फॉस्टर फ्रेझर, एडवर्ड लन आणि फ्रान्सिस लो हे तिघे लंडनहून रोव्हर सायकलींवर निघाले. त्या सायकली कॉव्हेंट्रीच्या. इराण, हिंदुस्थान, चीन करत त्यांनी १७ देश आणि १९,२३७ मैल पार केले. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ला सहा पारशी तरुण निघाले. त्यांच्यापैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, आणि त्यांच्या वाटेवर इराण-इराकचं वाळवंट होतं. या सहाही माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दोन्ही वेळा शेवटपर्यंत तिघे होते, हे मी नजरेआड करू शकत नाही. एकाने पंक्चर काढायचं, दुसऱ्याने सायकल धरायची, तिसऱ्याने वाऱ्याला पाठ करून उभं राहायचं म्हणजे सोल्यूशनवर वाळू बसत नाही. तीन ही संख्या या कामाला अगदी बरोबर आहे.

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळींना यातलं काही सांगायला जावं तर ते ऐकून घेत नाहीत. गणपतीच्या जेवणात माझ्या शेजारी बसलेल्या काकू विचारतात, "साप असतील ना गं तिथे?" काका विचारतात, "रात्री कुणी लुटलं तर?" तिसरे कुणीतरी मोबाइलच्या रेंजचं विचारतात. हे सगळे प्रेमाने विचारतात, पण प्रश्न चुकीचे आहेत. साप मी पाहिला नाही. लुटायला कुणी आलं नाही. दिवसभर मला त्रास दिला तो मोज्यांत अडकणाऱ्या भुरटाच्या बियांनी. भुरट हे तिथलं गवत. त्याच्या बोंडांना आकड्यांसारखे काटे असतात. ती मोज्यांत शिरतात, तिथून हातमोज्यांत जातात, हातमोज्यांतून हँडलच्या पट्टीत जातात, आणि काढायला गेलं की बोटांत मोडतात. याबद्दल गणपतीच्या जेवणात कुणीही विचारत नाही.

वर्तमानपत्रांचंही तेच. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघून १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली आणि डिसेंबरात कोलकात्याला प्रवासाचा शेवट केला. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि इंग्लंडमध्येच, बोर्नमथला शिकत होती. मोठ्या अंतरात ती एकटी होती. बातम्यांत ठळक आलं ते कॅनडात मागे लागलेलं अस्वल आणि स्पेनमध्ये चाकू दाखवून झालेली लूट. त्या गोष्टी घडल्या, भयंकर होत्या, आणि छापल्या पाहिजेत. पण अस्वल एका दिवशी येतं. उरलेल्या दिवसांत तिचा वाऱ्याशी, सीटशी आणि ओल्या-सुक्या कपड्यांशी काय झगडा झाला, ते मला वाचायचं होतं. तिने एवढं अंतर तोडलं ते त्या दिवसांच्या जोरावर.

तर, तो दिवस. जैसलमेर ते पोकरण, साधारण एकशे दहा किलोमीटर, जानेवारी.

वाळवंट म्हणजे ऊन, हा समज घेऊन जो जाईल त्याची पहाटे फजिती होते. जानेवारीत जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, कारण घड्याळ सगळ्या देशाचं एकच आणि हे गाव पार पश्चिमेच्या टोकाला. त्याआधी बोटं गारठून ब्रेक दाबता येत नाहीत. कॉव्हेंट्रीच्या थंडीत मी सायकल चालवते. ती ओली थंडी, एकदा कपडे घातले की घातले. इथे नऊ वाजता जाकीट काढावं लागतं, साडेनऊला ढग नसतानाही वारा सुटतो म्हणून परत घालावं लागतं, दहाला परत काढावं लागतं. प्रत्येक वेळी झाकण, कंबर, गुडघा.

वाऱ्याबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे. जैसलमेरच्या भोवती मैलोन्‌मैल पवनचक्क्या आहेत, देशातल्या मोठ्या पवनऊर्जा क्षेत्रांपैकी हे एक. वारा मोजल्याशिवाय कुणी पवनचक्क्या उभारत नाही. त्या दिवशी तो ईशान्येकडून होता, म्हणजे जवळपास समोरून. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि समोरचा वारा तुमच्या वेगात मिळवायचा असतो. म्हणून सपाट रस्त्यावर, एकही चढ नसताना, मी घाटात चालवावी तशी सायकल चालवत होते. घाटाला निदान माथा असतो. खंबाटकी चढून गेलं की उतार मिळतो, हे सातारच्या माणसाला लहानपणापासून माहीत असतं. वाऱ्याला माथा नाही. सहा तास पेडल मारून त्याची परतफेड म्हणून एक मीटरसुद्धा उतार मिळत नाही. घोळक्यात चालवणारे पुढच्याच्या आडोशाला बसतात आणि आळीपाळीने पुढे येतात. एकटीच्या पुढे कोण असणार?

आणि वाऱ्यात मान वर ठेवता येत नाही. वाटेतल्या लाठी गावाच्या आसपासच्या माळावर माळढोक आहेत. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक बघायला जाऊन आमच्या घरातली तीन माणसं रिकाम्या हाताने परत आलेली आहेत. आज देशात जे थोडेसे माळढोक उरलेत त्यातले बहुतेक याच जैसलमेर जिल्ह्यात आहेत. मी त्यांच्या माळावरून दिवसाउजेडी, न बोलता, इंजिनाचा आवाज न करता गेले, आणि मला पुढच्या चाकासमोरचं तीन मीटर डांबर सोडून काही दिसलं नाही. एखादा पक्षी रस्त्याच्या कडेला उभा राहून माझ्याकडे बघत असेल तरी मला कळलं नसतं. हे नुकसान मी वाऱ्याच्या खात्यावर मांडते.

दिशेचा आणखी एक परिणाम आहे. पूर्वेला तोंड करून जाताना हिवाळ्यातला सूर्य दिवसभर दक्षिणेला, म्हणजे उजव्या हाताला राहतो. संध्याकाळी माझा उजवा कान, उजवा गाल आणि उजव्या मनगटाची घड्याळावरची पट्टी भाजून निघाली होती, डावी बाजू कॉव्हेंट्रीहून निघाली तशीच होती. त्यावर लावायचं मलम चिकट असतं आणि त्याला वाळू चिकटते. ती रुमालाने पुसली की गालावर काचपेपर फिरवल्यासारखं होतं. मलम लावलं तरी त्रास, नाही लावलं तरी त्रास.

बाईमाणसाला आडोशाची अडचण आहे, ती मी स्पष्टच लिहिते, कारण प्रवासवर्णनं लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत आणि त्यांना ती नव्हती. सपाट वाळवंटात दोन किलोमीटरवरूनही माणूस दिसतं. खुरटी झुडपं गुडघ्याएवढी. रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली मोरी हाच एक आडोसा, आणि मोऱ्या पाऊस जिथे पडेल असं कुणाला वाटलं तिथे आहेत, मला लागतात तिथे नाहीत. त्यामुळे पाणी किती आणि कधी प्यायचं हे मोरीवर ठरतं, तहानेवर ठरत नाही. काकूंनी सापाऐवजी हे विचारलं असतं तर मी जेवणभर सांगितलं असतं.

दुपारी मोटरसायकलवाले येतात. माणसं चांगली आहेत, हे आधी सांगते. त्यांच्यातल्या एकानेही वाकडा शब्द काढला नाही. पण ते गाडीचा वेग कमी करून माझ्या शेजारून, माझ्याच वेगाने चालतात आणि बोलतात. मी वाऱ्यात तोंड उघडून उत्तर दिलं की दातांत वाळू येते. प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. "बाईसा, कुठून आलात? कुठे निघालात? एकट्याच?" मग थोडं थांबून, "सायकल कितीची?" किंमत सांगितली की तो माणूस गप्प होतो, आपल्या मोटरसायकलकडे बघतो, आणि मग तिची किंमत मला सांगतो.

कुठून आलात, याचं उत्तर मात्र मला दिवसभर टोचत राहिलं. कॉव्हेंट्री म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. "लंडनच्या जवळ का?" असं विचारतात, आणि वाऱ्यात वाद घालायचं त्राण नसल्यामुळे मी हो म्हणते. कॉव्हेंट्री लंडनपासून दीडशे किलोमीटरवर आहे, ही गोष्ट बाजूला ठेवू. पण ज्या टपरीवर मी चहाला थांबले, तिच्या भिंतीला एक काळी, जड, दांड्याची सायकल टेकलेली होती. दोन सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. ही रचना जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत १८८५ साली रोव्हर म्हणून बाजारात आणली. त्याआधी पुढचं चाक माणसाएवढं उंच असायचं आणि त्यावरून पडणं म्हणजे डोक्यावर पडणं. त्या चाकाचे आरे तिरपे, एकमेकांना छेदून ओवायची पद्धत त्यांचे काका जेम्स स्टार्ली यांनी त्याच गावात १८७४ साली काढली. टपरीवरच्या सायकलीचे आरे तसेच होते. डनलॉपच्या टायरचा कारखानाही १८९०च्या दशकात डब्लिनहून आमच्याकडेच आला. थरमधला दूधवाला, शाळेत जाणारी मुलगी, फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा, सगळे ज्या वाहनावर बसतात ते माझ्या गावात आकाराला आलं, आणि गावाचं नाव कुणाला माहीत नाही. टाटा म्हटलं की जमशेदपूर आठवतं, माचिस म्हटलं की शिवकाशी. सायकल म्हटलं की काहीच आठवत नाही. मी चहावाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि सायकल लुधियानाची आहे असं सांगितलं. तेही खरंच होतं.

पंक्चर लाठीच्या अलीकडे झालं. वेड्या बाभळीचा काटा. ही झाडं आपल्याकडे नदीकाठी माजली आहेत, तशीच तिथेही रस्त्याच्या कडेने माजली आहेत. काटा इंचभर, सुकला की खिळ्यासारखा टणक. पंक्चर काढायला वेळ लागत नाही, ट्यूब बदलणं तर आणखी सोपं. अडतं ते हवा भरताना. जगात सायकलला तीन तऱ्हेचे व्हॉल्व्ह आहेत. आपल्या साध्या सायकलचा, ज्यात रबराची बारीक वॉल ट्यूब असते तो, मोटारगाडीचा तो श्रेडर, आणि लांबच्या सायकलींचा बारीक, टोकाला चिमुकला स्क्रू असलेला तो प्रेस्टा. तिन्ही १८९०च्या दशकातले. तेव्हापासून आजपर्यंत माणसं चंद्रावर जाऊन आली, पण यातला एक व्हॉल्व्ह ठरवून बाकीचे दोन बंद करायला कुणाला सवड झाली नाही. माझा प्रेस्टा. हातातल्या छोट्या पंपाच्या वॉशरमध्ये वाळू गेली की तो हवा धरत नाही, आणि वाळू गेलीच होती. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे ट्रकला हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. त्याचं तोंड गाडीच्या व्हॉल्व्हचं. मधे बसवायला पितळेचा एक अडॅप्टर लागतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तो मी डबीतून काढला, त्याच्या हातात दिला, आणि वाऱ्याच्या झोताने सायकल हलली तशी आमच्या दोघांच्या हातांतून तो वाळूत पडला.

हे सांगताना मी आवाज चढवत नाही. पण कल्पना करा. पिवळी वाळू, पिवळं पितळ, हरभऱ्याएवढी वस्तू.

पंक्चरवाला पन्नाशीचा, मितभाषी माणूस होता. त्याने आधी मला "पाय हलवू नका" असं सांगितलं. मग आतून लोहचुंबक आणलं, छर्रे आणि खिळे गोळा करायचं, दोरीला बांधलेलं. ते वाळूवरून फिरवलं तर त्याला दोन जुने खिळे, एक वॉशर आणि काळी लोखंडी धूळ लागली. पितळ चुंबकाला चिकटत नाही. त्याच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं, कुणी काही बोललं नाही. तो शेजारच्या धाब्यावर गेला आणि पिठाची चाळणी घेऊन आला. धाब्याचा मालक चाळणीच्या मागोमाग आला, कारण त्याला ती परत हवी होती. पंक्चरवाल्याने जिथे मी उभी होते तिथली ओंजळ-ओंजळ वाळू उचलून चाळायला सुरुवात केली. पद्धतशीर, डावीकडून उजवीकडे, शेत नांगरतात तसं एकेक तास सोडत. मालक वाकून बघत होता. चाळणीत काड्या आल्या, बिडीची थोटकं आली, बकरीच्या लेंड्या आल्या, तेव्हा मालकाने चाळणीबद्दलची आशा सोडलेली मला दिसली. मग टिंग असा आवाज आला.

हवा भरायचे त्याने दहा रुपये घेतले. चाळण्याचे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाला की ते काम हवेचंच आहे. साताऱ्यात आमच्या आळीच्या तोंडाशी परातीत पाणी घेऊन बसणारे पंक्चरवाले असेच होते. कामाचा नेमका भाग कुठे संपतो हे त्यांना पक्कं माहीत असायचं. चाळणीचे पैसे मी मालकाला दिले. तो नको म्हणाला आणि मग घेतले.

उरलेले चाळीसेक किलोमीटर मी सविस्तर सांगत नाही. वारा तोच होता. समोरून येणाऱ्या ट्रकच्या हवेने सायकल दर वेळी कडेला ढकलली जाते. गावांतल्या गतिरोधकांवर रंग नव्हता, त्यामुळे ते कळायच्या आत पिशव्या उडाल्या. बाटलीतलं पाणी कोमट झालं आणि त्याला प्लॅस्टिकचा वास आला. पोकरणला पोचले तेव्हा अंधार पडत होता. मुक्कामाच्या ठिकाणी सायकल खोलीत न्यायला मनाई होती आणि अंगणात कुलूप लावायला कडी नव्हती. यावर अर्धा तास बोलणं झालं आणि सायकल शेवटी जिन्याखाली गेली.

कॉव्हेंट्रीला परतल्यावर हे सगळं नीट ऐकणारं माणूस मला मेरिडनला भेटलं. आमच्या गावापासून थोड्या मैलांवरच्या या खेड्याच्या हिरवळीवर पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सायकलस्वारांचं स्मारक आहे, १९२१ साली उभारलेलं. दरवर्षी मे महिन्यात सायकलवाले तिथे जमतात, प्रार्थना होते. माझ्या शेजारी उभे असलेले आजोबा ऐंशीच्या पुढचे होते. मी राजस्थानात सायकल चालवून आले असं सांगितल्यावर त्यांनी साप विचारले नाहीत, डाकू विचारले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिकडे व्हॉल्व्ह कुठला चालतो?"

मी त्यांना अडॅप्टरची सगळी हकिगत सांगितली. चुंबकापाशी त्यांनी मान हलवली, चाळणीपाशी माझा दंड धरला. त्यांचं मत असं की सगळ्या जगाने गाडीचा व्हॉल्व्ह घ्यावा, म्हणजे कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा मिळेल. माझं मत वेगळं आहे. आपला साधा वॉल ट्यूबवाला घ्यावा, कारण तो बिघडला तर रबराचा तुकडा कात्रीने कापून खेड्यातलं पोरसुद्धा दुरुस्त करतं. पेट्रोल पंप काय सगळीकडे असतो? त्यांना हे पटलं नाही. रबर उन्हात सुकतं आणि दर वर्षी बदलावं लागतं, असं ते म्हणाले, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी गाडीच्या व्हॉल्व्हचा उभा छेद काढून आतली स्प्रिंग कशी बसते ते मला दाखवलं. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि त्याच कागदावर शेजारी माझा काढायला घेतला.